अजून एक लाट, मग झोपतो

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण ते मागून येईल. आजचा विषय किड्यांचा. कपाशीवरचे किडे नाहीत, मोबाईलमधले.

जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून "थांब नं आई, एकच लाट राहिली" असं उत्तर येणारी घरं आपल्या यवतमाळात कमी नाहीत. ती एक लाट कधीच एक नसते. मग आवाज चढतो, मोबाईल हिसकावला जातो, पोरगं रडतं नाहीतर दार आपटतं, आणि जेवण गार होतं. दुसऱ्या दिवशी तेच. अशा वेळी आपण ठरलेली दोन वाक्यं बोलतो. "आजकालची पोट्टी बिघडली" आणि "मोबाईल फोडून टाकला पाहिजे". माझं म्हणणं, दोन्ही वाक्यांत दम नाही. खेळात मजा आहे, ती खरी आहे, आणि पोराला ती वाटते यात त्याचा गुन्हा नाही. प्रश्न विचारायचाच तर ती मजा बाटलीत भरून बाटलीचं बूड काढून टाकणाऱ्यांना विचारला पाहिजे.

आधी खेळ समजून घेऊ. कारण बरेच पालक ज्याच्यावर चिडतात तो खेळ त्यांनी एकदाही नीट पाहिलेला नसतो.

याला टॉवर डिफेन्स म्हणतात. आपल्या भाषेत राखणीचा खेळ म्हणा, जागल म्हणा. स्क्रीनवर एक वाट असते. एका टोकाला बीळ, दुसऱ्या टोकाला आपल्याला राखायचं असं काहीतरी. बिळातून किडे निघतात, रांगेत चालत येतात. आपण वाटेच्या कडेला तोफा, मनोरे, सापळे लावायचे. आपण स्वतः गोळी मारायची नाही, मनोरे आपोआप मारतात. आपलं काम फक्त डोक्याचं : कुठे लावायचा, कोणता लावायचा, आहे त्या पैशात नवा घ्यायचा की जुनाच दमदार करायचा. किडा मेला की पैसे मिळतात. पैशातून पुढची तयारी. मग पुढची लाट, किडे जास्त, कातडी जाड, चाल जलद. एखादी लाट उडणाऱ्यांची येते आणि जमिनीवरचे आपले सगळे सापळे वाया जातात.

किड्यांचा असाच एक जुना खेळ होता, 'अँट बस्टर'. कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्येच चालायचा. एका कोपऱ्यात केक. बिळातून मुंग्या येणार, केकचा तुकडा उचलणार आणि माघारी पळणार. तुम्ही तोफा लावून त्यांना वाटेतच गाठायचं. सगळा केक गेला की खेळ संपला. बस, एवढंच. पण तुकडा घेऊन बिळाकडे निघालेली मुंगी, तिची उरलेली जराशी ताकद, आणि तिच्यामागे धडधडणारी आपली तोफ... ती मुंगी बिळाच्या अगदी तोंडाशी मेली की खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटायचं. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे.

हा प्रकार काही कालचा नाही. २००२ साली आलेल्या 'वॉरक्राफ्ट ३' या खेळात हौशी लोकांनी स्वतःचे नकाशे बनवून असले राखणीचे डाव मांडले. २००७ मध्ये 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स' आणि न्यूझीलंडच्या कंपनीचा 'ब्लून्स टॉवर डिफेन्स' आला आणि जगभरच्या ऑफिसांत, आपल्याकडे सायबर कॅफेत, लोक काम सोडून मनोरे लावत बसले. तेव्हा तर खेळणारे लहान पोरंही नव्हते, चांगले पगारदार बाप्ये होते. म्हणजे हा आजार 'आजकालच्या पोट्ट्यांचा' आहे ही समजूत सोडून द्या.

एवढी ओढ का लागते? मला यात चार गोष्टी दिसतात.

पहिली, काम स्पष्ट असतं. किडा इकडून येणार, तिकडे जाऊ द्यायचा नाही. आयुष्यात एवढं स्पष्ट काम कोण देतो आपल्याला?

दुसरी, मोबदला लगेच. किडा मेला की तिथल्या तिथे नाणं. महिनाअखेरची वाट नाही, साहेबाची सही नाही, 'पुढच्या आठवड्यात या' नाही.

तिसरी, हरलो तरी थोडक्यात हरतो. एकच किडा निसटला. मनोरा दोन बोटं अलीकडे लावला असता तर जमलं असतं. म्हणजे चूक कुठे झाली ते आपल्याला दिसतं, आणि दुरुस्त करायला एक बटण पुरतं.

चौथी गोष्ट सगळ्यात बेरकी. एक लाट संपते न संपते तोच पुढची सुरू झालेली असते. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ साली बर्लिनमधला आपला अभ्यास छापला. पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेलं काम माणसाच्या डोक्यात जास्त घोळत राहतं, असं त्यांचं सांगणं होतं. राखणीच्या खेळात काम कायम अर्धवटच असतं. म्हणून मोबाईल ठेवला तरी डोक्यात किडे चालत राहतात. अंथरुणात डोळे मिटले की ती वाट दिसते, आणि मनोरा कुठे लावायचा ते सुचतं. सुचलं की हात उशाखाली जातो.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. किडा हा शब्द आपल्याकडे खेळण्यातला नाही. २०१७ साल आठवा. गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली होती. आणि त्याच हंगामात फवारणी करता करता विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. शेकडो दवाखान्यात पडली. त्या घरांतली पोरं आज मोठी झाली आहेत.

शेतातली कीड राखणं हासुद्धा एक टॉवर डिफेन्सच आहे, नीट पाहा. कामगंध सापळे कुठे आणि किती लावायचे, पिवळे चिकट सापळे किती उंचीवर टांगायचे, पक्षी थांबे कुठे उभारायचे, कपाशीच्या कडेने सापळा पीक घ्यायचं की नाही, निंबोळी अर्क कधी आणि औषध कधी. किडीचं प्रमाण आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय फवारू नका असं कृषी विभाग सांगतो, तेही खेळाडूचंच गणित आहे : आत्ता खर्च करू की थांबू? आणि हो, पुढची लाट जास्त चिवट असते. बीटी कपाशी २००२ मध्ये आपल्या देशात आली, बोंडअळी आटोक्यात आल्यासारखी वाटली, आणि काही वर्षांत गुलाबी अळीने तिलाही दाद देणं सोडलं.

फरक एवढाच की शेतात मेलेल्या किडीमागे नाणं मिळत नाही. सगळं बरोबर करूनही पाऊस फिरतो, भाव पडतो. आणि हरल्यावर 'पुन्हा खेळा' हे बटण नसतं.

म्हणून मला वाटतं, आपल्या पोरांना हा खेळ एवढा आवडतो त्यात नवल नाही. ज्या पोराने घरात मेहनत पाहिलीय पण मेहनतीचं फळ वेळेवर आलेलं फारसं पाहिलेलं नाही, त्याला हा खेळ म्हणतो की डोकं लाव, कष्ट कर, तुला लगेच मिळेल. असा हिशेब चोख ठेवणारी जागा त्याला दुसरीकडे कुठे दिसते? परीक्षा दिली तर निकाल लांबतो, निकाल लागला तर भरती लांबते. मोबाईलमधली मुंगी निदान पैसे बुडवत नाही. त्या पोराला आळशी म्हणण्याआधी एवढा विचार करा राव.

मग गडबड कुठे झाली? गडबड झाली खेळ विकण्याच्या पद्धतीत.

एक सरळ उदाहरण देतो. 'प्लँट्स व्हर्सेस झाँबीज' हा या प्रकारातला बहुधा सगळ्यात गाजलेला खेळ. २००९ मध्ये पॉपकॅप नावाच्या कंपनीने काढला. एकदा पैसे द्या, खेळा, शेवटचा मोठा राक्षस हरवा, गाणं ऐका, संपलं. २०११ मध्ये ती कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने विकत घेतली. २०१३ मध्ये दुसरा भाग आला, तो फुकट. फुकट म्हणजे घेताना फुकट. आत गेल्यावर दुकान होतं : अमुक झाड हवं तर खरे पैसे टाका.

आता पोरांच्या मोबाईलवरचे बहुतेक खेळ याच वाटेने जातात. पद्धत ठरलेली आहे. पहिल्या दहा लाटा सोप्या, पोरगं खूश. मग अचानक एक लाट अशी येते की साध्या मनोऱ्यांनी हटत नाही. जीव संपतात. आता थांबा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर पैसे भरा. मध्येच एक चकाकती पेटी येते. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. कधी भारी मनोरा, बहुतेक वेळा कचरा. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटिफिकेशन : "तुमच्या किल्ल्यावर हल्ला झाला आहे!" शाळेची बस यायच्या आधी एकदा बघून घेतलं पाहिजे की नाही?

त्या पेटीमागचं शास्त्र नवं नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकातच कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. ठरावीक टोची मारल्यावर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसला, तर ते थांबत नाही, टोचत राहतं. जुगाराचं मशीन याच तत्त्वावर चालतं. आणि पोराच्या हातातली पेटीही.

जुन्या 'अँट बस्टर'मधली मुंगी खेळ बंद केल्यावर घरी यायची नाही. नवी येते. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि एवढ्याच मुद्द्यासाठी ही लांबलचक पोस्ट. खेळाची नशा खेळापुरती असली तर ती मौज आहे. बंद करायला निघालेल्या माणसाचा हात धरून त्याला परत बसवणं, तोही दहा वर्षांचा असताना, याला धंदा म्हणतात. आणि धंद्याला नियम लागतात.

आता सुरुवातीला राखून ठेवलेलं राजकारण.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणाऱ्या खेळांवर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. रमी आणि फँटसी टीमच्या नादात कर्जबाजारी झालेली माणसं आपण पाहिली आहेत. कायद्याचं स्वागतच. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे 'सोशल' खेळ यांना वेगळी, चांगली वागणूक आहे. आमचा किड्यांचा खेळ त्या चांगल्या बाजूला जातो, कारण त्यात जिंकून रोख काही मिळत नाही. म्हणजे पैसे भरून पैसे मिळण्याची आशा असेल तर गुन्हा. पैसे भरून नुसती चकाकती पेटी मिळत असेल तर ते त्या व्याख्येत सरळ बसत नाही. मोठ्या माणसाचा जुगार कायद्याने पाहिला, लहान पोराचा दाराबाहेरच राहिला. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं होतं. आपण निदान चर्चा तरी करू.

आणि जुलै २०२५ मधला तो व्हिडिओ आठवतोय ना? विधिमंडळात बसलेले आपल्या राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री, हातात मोबाईल, स्क्रीनवर पत्ते. खूप गदारोळ झाला. मंत्र्यांचं म्हणणं होतं की मी खेळत नव्हतो, आपोआप आलेलं बंद करत होतो. शेवटी त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. विनोद तुम्ही तेव्हाच करून झालात, मी परत करत नाही. मी म्हणतो, त्यांचा खुलासा शब्दशः खरा धरा. राज्याचा मंत्री, भर सभागृहात, स्क्रीनवर आलेला खेळ झटकन बंद करू शकत नाही. मग पाचवीतल्या पोराकडून आपण कोणत्या तोंडाने संयमाची अपेक्षा करतो?

काही जण म्हणतील, सरळ बंदी घाला. चीनने २०२१ मध्ये तसंच केलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. मला हा मार्ग नको वाटतो. आपल्याकडे बंदी आली की पोरगं बापाच्या नावाने खातं उघडतं, आणि मग घरात खोटं बोलण्याची एक जादा सवय लागते.

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक पोराला 'व्यसनी' ठरवणं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिथली अट वाचा : खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसूनही सुटत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालतं. सुटीत चार दिवस किडे मारत बसलेलं पोरगं आजारी नसतं. ज्याची झोप, शाळा, जेवण, मित्र सगळंच सुटलंय त्याला मात्र ओरडा नको, डॉक्टर हवा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका.

मग करायचं काय? नुसती तक्रार करून पोस्ट संपवली तर तुम्ही मला सोडणार नाही.

घरात पहिली गोष्ट : मिनिटं मोजू नका, लाटा मोजा. "अर्धा तास झाला, ठेव" म्हणून लाटेच्या मध्यावर मोबाईल काढून घेणं म्हणजे शेवटच्या षटकात टीव्ही बंद करणं. तुमचाही संताप होईल. खेळायच्या आधी विचारा, किती लाटा? पाच? ठीक, पाच. पाचवी संपली की ठेवायचा. पोरगं शब्द पाळतं, कारण शब्द त्याचा स्वतःचा असतो.

दुसरी : खेळाची नोटिफिकेशन बंद करा आणि पैसे भरण्याला पासवर्ड लावा. तुमचा यूपीआयचा पिन पोराला पाठ असेल तर तो आजच बदला. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी : एकदा शेजारी बसा. "हा मनोरा इथेच का लावला?" एवढं विचारा. पोरगं जे सांगेल त्यात अंतर, वेळ, बचत, अंदाज सगळं असेल. मग त्यालाच शेतातला कामगंध सापळा दाखवा. जो पोरगा मुंगीची वाट ओळखतो तो अळीचीही ओळखेल.

चौथी : ऐपत असेल तर एकदाच पैसे देऊन, जाहिरात आणि पेट्या नसलेला, शेवट असलेला खेळ घेऊन द्या. फुकटचा खेळ सगळ्यात महाग पडतो.

आता गावाने काय करायचं? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेत ठरवलं आणि रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठला दुसरा भोंगा. दीड तास पोरं अभ्यासाला, मोठी माणसं एकमेकांशी बोलायला. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे नियम पोरांपुरता नव्हता. बापानेही मोबाईल ठेवायचा. आपल्या वॉर्डात भोंगा जमणार नाही कदाचित, पण एका अपार्टमेंटला, एका गल्लीला का जमू नये?

आणि शाळांना हात जोडून विनंती. गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवणं थांबवा. तुम्ही रात्री आठला पानाचा फोटो टाकता, पोरगं 'गृहपाठ बघतो' म्हणून मोबाईल मागतं, आणि मग पुढे काय होतं ते आईला विचारा. वहीत लिहून द्या की!

नगरसेवक मंडळींनाही एक प्रश्न. पोराला मोबाईल ठेव म्हटल्यावर ते विचारतं, "मग जाऊ कुठे?" या प्रश्नाला तुमच्या प्रभागात उत्तर आहे का? मोकळी जागा आहे तिथे गाड्या लागतात, मैदान आहे तिथे लग्नाचा नाहीतर सभेचा मांडव. संध्याकाळी दोन तास दिवा असलेलं मैदान आणि उघडं वाचनालय एवढं मिळालं तरी अर्धे किडे आपोआप मरतील.

सरकारकडे तीन मागण्या. एक, ज्या खेळात विकतच्या पेट्या आहेत त्यावर ठळक सूचना, आणि पेटीतून काय निघण्याची शक्यता किती तेही मराठीत. दोन, अल्पवयीन मुलाच्या खात्यावर पैसे भरण्याची सोय मुळातच बंद, पालकाने चालू केली तरच चालू. तीन, रात्री दहा ते सकाळी सात मुलांना खेळाचं नोटिफिकेशन नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीच आहे, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यालाही मनाई आहे. पाया घातलेला आहे, त्यावर भिंत बांधा एवढंच म्हणणं.

तोफ लावून किडे मारण्यात मजा आहे, ती पोरांना मिळू द्या. आपण मोठ्यांनी जागल करायची ती दुसऱ्या वाटेवर, जिथून पोरांची झोप आणि आपले पैसे उचलून न्यायला कोणीतरी रोज येतंय.

तुमच्या घरी काय चालतं ते खाली लिहा. कोणता खेळ, किती वेळ, पैसे गेले का, आणि थांबवायला काय उपयोगी पडलं. पोरांनीही लिहा, तुमचं तर आधी वाचीन. पंचवीस-तीस जणांचे अनुभव जमले की मागण्यांसोबत ते कागदावर उतरवून आपल्या आमदारांना नेऊन देऊ. कोण कोण येतंय सोबत?